टोपलीखालचं पीठ

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आमच्यासोबत पोटावर लिंबू ठेवणारी ती मुलगी आता कुठं आहे?" तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

करोनात शाळा बंद होत्या, ते दुसरं वर्ष. घरी बसून शिकणाऱ्या मुलांचं मन शांत राहावं म्हणून तुमच्या शाळेनं काही उपक्रम पाठवले होते. तुमच्या आईनं ते मला पाठवले. इथं मोताळ्याला आमच्या शेजारच्या मुलीची आई त्या उन्हाळ्यात बुलढाण्याला दवाखान्यात वारली. देह घरी आणू दिला नाही. तेव्हापासून मुलगी गप्प होती. एक दिवस तिचा बाप माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"काकू, पोरगी बोलूनच नाही राह्यली. तुमच्या त्या इंग्रजी व्यायामानं काही होते का पाहा."

मी शिस्तीनं सुरुवात केली. उताणं झोपायचं, पोटावर लिंबू ठेवायचं, श्वासाबरोबर ते कसं वरखाली होतं ते पाहायचं. तुम्ही फोनच्या पलीकडे तेच करत होतात आणि लिंबू घरंगळलं की खिदळत होतात. ती हसत नसे, पण लिंबू पडूही देत नसे. मग डोळे मिटून आवाज ऐकायचा उपक्रम. तिनं हळूच सांगितलं, "पंखा. बकरी. गाडी."

"कोणती गाडी गं?"

"आईले नेलं ते."

रस्त्यावर गाडी नव्हती. तो उपक्रम मी बंद केला.

पुढचा होता ताटात वाळू पसरून बोटानं सावकाश रेघा ओढण्याचा. स्वच्छ वाळू कुठून आणणार? मी ताटात ज्वारीचं पीठ चाळलं. तिनं रेघ ओढली नाही. तळहातानं पीठ अगदी सपाट केलं आणि विचारलं, "आजी, टोपली हाये का?"

मला कळायला जरा वेळ लागला. माणूस गेला की त्या जागी पीठ पसरून दिवा लावतात आणि टोपलीनं झाकतात. सकाळी पिठावर जी खूण उमटेल, तिच्यावरून तो कोणत्या जन्माला गेला ते ठरवतात. तिच्या आजोबांच्या वेळी बायकांना चिमणीचं पाऊल दिसलं होतं. आईच्या वेळी कोणी पीठ पसरलंच नाही. तिनं घरात प्राण सोडला नव्हता.

"हे खेळायचं पीठ आहे," मी म्हणाले.

"हाव," ती म्हणाली, आणि टोपलीची वाट पाहत बसून राहिली.

संध्याकाळी बाप तिला न्यायला आला. ताट पाहून चिडेल असं वाटलं होतं. तो उंबऱ्यावर टेकला. "दिवा बी लागते, काकू," एवढंच म्हणाला. मी ताटाशी दिवा लावला आणि वर टोपली झाकली.

सकाळी ती दोघं यायच्या आधी मी टोपलीपाशी गेले. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. तरी वाटलं, तीन बोटं टेकवली तर चिमणी होईल. पण मग ती आयुष्यभर प्रत्येक चिमणीकडे बघत बसली असती. मी हात मागे घेतला.

बापानं टोपली उचलली. पिठातून मुंग्यांची बारीक वाट गेली होती. काही अजून चालतच होत्या.

"मुंगी! पाह्य, तुही आई मुंगी झाली," तो घाईनं म्हणाला. "चहात साखर कमी पडली की कशी भांडे माह्याशी! आता टाकत जाय तिले साखर."

मुलगी ताटावर वाकली. मी शिकवलं होतं तसं, घाई न करता, एकेक मुंगी पाहिली.

"नाही बाबा. मुंग्या लय हायेत. आई त एकटी होती."

त्यानं टोपली बाजूला ठेवली. तो म्हणाला, "मी दवाखान्याच्या गेटापाशीच होतो, माय. रोज. आत जाऊ देत नव्हते."

"तिले माहीत होतं, तू बाहीर हायेस म्हणून?"

"नाही माहीत."

मग ती विचारत गेली. पाणी कोण देत होतं? आई काही म्हणाली का? माही आठवण काढली का? त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यानं सांगितलं, आणि ते फार थोडं होतं. मी चहा केला. तो तसाच थंड झाला.

आता ती अमडापूरला मावशीकडे राहून शिकते. बरी आहे, असं मी लिहिणार नाही. बोलते.