खंडेनवमीची काचपट्टी

आमचा अण्णा देवभोळा नाही, हत्यारभोळा आहे. माझा सख्खा मोठा भाऊ, म्हणून हक्कानं बोलते. जबलपुरात दारूगोळ्याच्या कारखान्यात सारा जन्म गेला, तोही गोळ्यांत बारूद भरायच्या खात्यात. तिथे चूक झाली तर माफी मागायलाही माणूस उरत नाही. म्हणून खंडेनवमीला पक्कड, पाना, स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू. मी चिडवायची, "अण्णा, मिक्सरलाही हार घाल!" तर हा बाबा खरंच घालायचा.

त्याची लेक सुखदा परगावी संशोधन करते. यंदा नवमीच्या आदल्या दिवशी ती एक काचपट्टी घेऊन घरी आली. काचेवर कसलासा पातळ थर. जांभळ्या दिव्याखाली निळा चमकायचा आणि बारुदीची नुसती वाफ लागली की विझायचा; लपवलेला बॉम्ब असाच हुडकायचा. त्याच संध्याकाळी तिनं पट्टी अण्णाच्या कामाच्या सदऱ्याजवळ धरली. चमक मंदावली! अण्णानं पोरासारख्या टाळ्या पिटल्या. "खात्यात ही असती, तर कितीतरी जण घरी आले असते गं."

नवमीच्या दुपारी ती कामाला पैसा देणाऱ्या साहेबलोकांना दाखवायची होती. पसंत पडली तर काम पुढे, नाहीतर सुखदाचं सगळं बंद. बाकीच्या पट्ट्या प्रवासातच तडकल्या होत्या. उरली ही एकच.

सकाळी सुखदा न्हाऊन आली तर डबी देवापुढे उघडी. पट्टीवर ओल्या हळदीचं बोट, वर कुंकू, अक्षता.

"बाबा, तुम्ही हिला हात लावला काय?"

"पूजा केली बाई. एवढी मोठी राखणदार ती! काहून?"

तिनं तो जांभळा दिवा लावला. पट्टी पिवळीहिरवी झगझगली. सदऱ्याजवळ नेली, तरी तशीच. हळद स्वतःच चमकते, म्हणाली, आणि थरावर लेप बसला, वाफ आत शिरणार कशी?

"अच्छा, मग पुसून टाकू ना," अण्णा म्हणाला.

"पुसली तर थरच निघेल, बाबा."

माझा तर संताप झाला! अगं, ओरड की बापावर, म्हटलं मनात. ती ओरडली नाही. नुसती खाली बसली. अण्णा उठला, चपला शोधू लागला. "मी येतो. साहेबांना सांगतो, चूक माझी आहे, पोरीची नाही."

"काय सांगाल, बाबा? बॉम्ब हुडकणाऱ्या यंत्राची पूजा झाली म्हणून?"

अण्णानं हातातली चप्पल परत खाली ठेवली. वहिनी पदरानं डोळे पुसून राहिली होती. मी चहा ठेवला, कोणी प्यायलं नाही. नवी पट्टी करायला तिची प्रयोगशाळा हवी, आणि साहेब काही थांबणार नव्हते. करणार तरी काय?

तीच पट्टी डबीत घालून सुखदा निघाली. जाताना रीतीप्रमाणे वाकली, बापाच्या पाया पडली. अण्णानं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. तिच्या डोक्यावर ठेवायची हिंमतच झाली नाही त्याची.