काशिनाथरावांच्या गाडीचा गॅस

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात, काळं तेल आणि किस्से. तेल निदान कोणीतरी डबा घेऊन येतो आणि नेतो. किस्से अंगाला चिकटतात ते साबणानेही निघत नाहीत!

निजामपुऱ्यात इक्बालभाई आणि मी गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. मे महिन्यात दारात जी रांग लागते ती बघायला या एकदा. मागच्या उन्हाळ्यात एक गाय येऊन एसी चालू असलेल्या गाडीत बसली होती, उतरायलाच तयार नव्हती. इक्बालभाई म्हणतो शेळी होती. असू दे शेळी. बसली होती ना?

तर रांगेतला प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलतो, "थोडा गॅस मारून द्या." अहो, गॅस म्हणजे पेट्रोल आहे का जळून संपायला? तो बंद नळ्यांतून गोल गोल फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आधी भोक शोधायला हवं. एवढं सांगितलं की गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं, जणू भोक मीच पाडलंय. परक्याचं ठीक आहे, त्याला आपण चार शब्द सुनावतो. पण गाडी व्याह्याची असली तर?

*

आमचे व्याही काशिनाथराव दिघाशीला राहतात. गोदामांमध्ये कापडाचे गठ्ठे शिवून द्यायचं कंत्राट घेतात. माणूस दिलदार, आवाज मात्र असा की कानात बोलले तरी अख्ख्या आळीला कळतं.

माझी मुलगी सुवर्णा त्यांची सून. तिला सातवा महिना लागला आणि पहिलं बाळंतपण आमच्याकडे ठरलं. आमच्या बायकोने खोली धुऊन ठेवली, पडदे बदलले. आता फक्त लेक यायची. नेमका तेव्हाच त्यांच्या गाडीचा एसी गेला.

काशिनाथराव स्वतः गाडी घेऊन आले. म्हणाले, "व्याही, सून आमची पोटुशी हाय. असल्या उन्हात गरम गाडीतून न्हाय पाठवायचो. तुम्ही एसी करा, दुसऱ्या दिवशी पोरगी तुमच्या दारात!"

म्हटलं, एवढंच ना? जिल्ह्यातल्या गाड्या मी गार करतो, घरची नाही करणार? बंपर खोलायचा म्हणून पुढच्या जाळीला लटकत असलेली लिंबू-मिरची कापून बाजूला ठेवली, सांधे तपासले, रबराच्या जुन्या रिंगा बदलल्या, गॅस भरला. गाडीत बसल्यावर व्याह्यांना शिंक आली. मी खूश.

ठरल्या दिवशी सुवर्णा यायच्या ऐवजी फोन आला. एसी पुन्हा गरम.

*

आता राग कशाचा आला ते ऐका. त्याच आठवड्यात दिघाशीत एका हळदीला गेलो. पंगत बसलेली. काशिनाथराव लांबूनच मला बघून वाढप्याला म्हणाले, "आमच्या व्याह्यांना ताक वाढ रं. गार गोष्टीचं त्यांचं लई नाव हाय!"

पंगत हसली. वाढपी हसला. मुलीचा बाप काय करणार? मीही हसलो आणि दोन वाट्या ताक प्यायलो. आतून मात्र असा उकळत होतो की ते ताक घशाखाली उतरेपर्यंत कढी झालं असेल!

*

गाडी पुन्हा आणली. आता निजामपुऱ्यात गळती ऐकायची म्हणजे काय प्रकार आहे, हे बाहेरच्याला कळणार नाही. नळीतून गॅस सुटतो तो डास गुणगुणल्यासारखा. आणि आमच्या डावीकडे कापड विणायचे लूम, उजवीकडे लूम, मागे लूम. या खडखडाटात माणसाला स्वतःची शिंक ऐकू येत नाही. म्हणून आम्ही वीज जायची वाट बघतो. वीज गेली की लूम थांबतात, आणि तेवढ्यात इक्बालभाई बोनेटला कान लावतो.

दुपारी वीज गेली. गल्ली चिडीचूप. शिफ्टचे कारागीर बाहेर आले, इक्बालभाईने त्यांना हाताने गप्प केलं, तेही श्वास रोखून गाडीभोवती उभे राहिले. आणि खरंच आवाज आला, सूंऽऽऽ! इक्बालभाई ओरडला, "मिल गया!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वरच्या मजल्यावरच्या बाईने खिडकीतून विचारलं, "माझा कुकर झाला, त्याच्या टाळ्या कशाला?"

शेवटी सगळीकडे साबणाचं पाणी मारत बसलो. जाळीच्या लगेच मागे कंडेन्सर असतो, गॅस थंड करणारा अॅल्युमिनियमचा पत्रा म्हणा. त्याच्या मधोमध एक बारीक बुडबुडा फुगला. सुईएवढं भोक! इक्बालभाई म्हणाला वाडा रोडवर खडीचे डंपर चालतात, दगड उडाला असणार. त्याने वेल्डिंग मारलं, गॅस भरला, गाडी गेली.

आठवड्याने परत आली. मी पुन्हा जाळीवरची लिंबू-मिरची कापली, बंपर काढला. वेल्डिंग शाबूत आणि त्याच्या शेजारी नवं भोक!

*

मग आम्ही पार्टनर भांडलो. मी म्हटलं तुझ्या वेल्डिंगने पत्रा कमकुवत झाला. तो म्हणाला तुझ्या व्याह्याची गाडी कमकुवत आहे. तीस वर्षांची दोस्ती, पण त्या दिवशी चहा वेगवेगळा मागवला!

आणि काशिनाथरावांना दगडाचं सांगितलं तर ते गॅरेजच्या दारात उभं राहून, लूमचा आवाज दाबून बोलले, "व्याही, दगड काय नेम धरून मारतो? एकाच जागी?"

बोलणं खरं होतं. म्हणूनच जास्त झोंबलं. म्हटलं राहू द्या तुमची गाडी, मी दुसरी गार गाडी पाठवतो. त्यांचा चेहरा उतरला. अंगणात स्वतःची गाडी असताना सून भाड्याच्या गाडीतून गेली तर गाव काय म्हणेल? म्हणाले, जाईल तर आमच्याच गाडीतून, आणि गारच.

संध्याकाळी सुवर्णाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. आई काय करते, माझ्या खोलीला कोणते पडदे लावले. मग हळूच म्हणाली, "पप्पा, तुम्हाला खरंच सापडत नाहीये का?"

व्याह्याच्या ताकापेक्षा हे लागलं.

*

मी इक्बालभाईसमोर जाऊन उभा राहिलो. त्याने दोघांचा चहा एकत्र मागवला. आम्ही कोरा करकरीत कंडेन्सर आणून बसवला, रात्रभर दाब धरून ठेवला. सकाळी काटा तसूभर हलला नव्हता. या वेळी गाडी मी स्वतः दिघाशीला घेऊन गेलो. अंगणात पोहोचेपर्यंत माझी बोटं गारठली होती.

दारात सगळी भावकी जमलेली. सुवर्णा मागच्या सीटवर बसली, पदराने अंग लपेटलं आणि माझ्याकडे बघून हसली. काशिनाथरावांनी खिडकीतून हात आत घातला आणि मान डोलावली. झालं, मी किल्ली फिरवणार, एवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "थांबा! असं कसं न्याल?"

त्या घरातून आल्या. एका हातात ताजी लिंबू-मिरची, गठ्ठे बांधायच्या चिवट सुतात ओवलेली. दुसऱ्या हातात गठ्ठे शिवायचं दाभण, चांगलं वीतभर लांब.

"एसी एवढ्यांदा बिघडतो म्हंजे नजरच हाय कोणाची तरी," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्याकडून गाडी आली की ही तोडलेलीच असते बघा. मी दर वेळी नवी बांधते. जाळीतनं दाभण आरपार घातलं की पक्की बसते."

मी गाडीतून कधी उतरलो मला आठवत नाही. सुवर्णाकडे बघून हसत हसत विहीणबाईंनी दाभण जाळीवर नेलं, तोपर्यंत जाळीवर माझा तळहात होता.

"अगं बाई! लागलं का हो?"

"नाही, नाही," म्हटलं. "द्या इकडे, मी बांधतो." लिंबू-मिरची नंबर प्लेटच्या कडेला बांधली आणि दाभण खिशात घातलं.

काशिनाथराव पुढे आले. त्या आवाजात, सगळ्या भावकीसमोर त्यांनी विचारलं, "व्याही, आता तरी सांगा. लीक व्हता तरी कशाचा?"

मी विहीणबाईंकडे बघितलं. मागच्या दाराच्या काचेतून सुवर्णा बघत होती.

"दगड," म्हटलं. "वाडा रोडवरचा. नेम धरून मारतो."