पडद्यावर दिसलेला माझा खांदा

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, डावा हात वापरत राहा, नाहीतर खांदा आखडून बसेल. भिंतीवर बोटं चढवायच्या व्यायामाला मी लवकरच कंटाळले. नवरा गोल्फ खेळायला जायचा, त्याच्या मागोमाग मीही जायला लागले. आयुष्य कॉलेजात केमिस्ट्री शिकवण्यात गेलेलं. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच खेळायचं म्हणून काहीतरी हातात आलं. चेंडू कुठं जातो याची मला फार फिकीर नव्हती. काठी मागं उचलताना डावा हात खांद्याच्या वर जायचा, तेवढ्यानंच बरं वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात तो हात अर्ध्यावरच थांबायला लागला. जोर लावला की मानेपासून दंडापर्यंत ओढ बसायची. चेंडू फरफटत थोडा पुढं जाऊन गवतात पडायचा. माझ्या मनात एकच आलं, दुखणं परत आलं. तपासणी जवळ आली होती. मी पेपर तपासायचेत म्हणून ती पुढं ढकलली. आंघोळ करताना काख चाचपून बघायची आणि बाहेर येऊन चहा टाकायची. नवऱ्याला काही बोलले नाही.

ओळखलं ते वन्संनी. माझी ही थोरली नणंद कसबा बावड्यात राहते, घरचा ऊस आणि म्हशी सांभाळते. रविवारी मैदानावर आमच्याबरोबर फिरायला यायची आणि मोबाईलवर आमचे व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकायची. एकदा तिनं मला बाजूला घेतलं.

"वैनी, तुझा हात पयल्यासारखा वर जात न्हाय. दुखतंय काय?"

मग मी सगळं सांगून टाकलं. तिनं मोबाईल बंद करून कमरेला खोचला.

"डॉक्टरकडं जायाचंच," ती म्हणाली. "मी येतो संगट. पर तारीख मिळंस्तवर तू अशीच झुरत बसणार. राजारामपुरीत ते कॅमेरा लावून गोल्फ शिकवणारं सर हायत न्हवं? तुझा नवरा गेलता त्यांच्याकडं. त्यांना तरी दाखवू, हात कुठं अडतोय ते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच गेलो. क्लासेसच्या इमारतीत वरच्या मजल्यावर लांबट खोली, समोर जाळी, एक कॅमेरा पुढून, एक बाजूनं. सरांनी माझ्या कमरेला, ती किती वळते ते मोजणारं काडेपेटीएवढं यंत्र लावलं आणि काठी फिरवायला सांगितलं. मी आधीच सांगून टाकलं, "सर, डाव्या बाजूचं ऑपरेशन झालंय. खांदा गेला असेल तर स्पष्ट सांगा."

त्यांनी नुकताच काढलेला व्हिडिओ सावकाश लावला. पडद्यावर मी हळूहळू वळायला लागले. अंगावर रंगीत रेषा, सांध्यांवर ठिपके. वन्संच्या मोबाईलमधला आदल्या वर्षीचा व्हिडिओ त्यांनी शेजारी लावला. मी पडद्याकडं बघायचं टाळत होते.

"मॅडम, कंबर तेवढीच वळतेय," सर म्हणाले. "हात निघतो पण चांगला. खांदा हनुवटीला येऊन अडतोय. मागच्या वर्षी मान मोकळी होती, आता हनुवटी छातीला टेकलीय. एवढं खाली का बघता?"

"चेंडू नीट दिसत नाही म्हणून."

"चष्मा बदलला का?"

बदलला होता. लांबचं आणि जवळचं एकाच काचेतून दिसणारा. खालच्या भागातून चेंडू धूसर दिसतो, म्हणून नकळत मी मान दुमडून वरच्या भागातून बघत होते. जुना चष्मा पर्समध्ये होता. तो घातला, मान उचलली आणि काठी मागं नेली. हात गेला. अडलाच नाही. चेंडू जाळीवर असा आदळला की मीच दचकले.

"अजून एकदा मारा," सर म्हणाले. पण मला मारता येईना. काठी टेकून मी तिथंच स्टुलावर बसले आणि हसायलाच लागले. सर गोंधळून पाणी आणायला गेले.

वन्संनी पदरानं डोळे पुसले आणि मग आवाज चढवला, "चष्मा व्हय गं! माझा जीव टांगणीला लावलास की!"

तरी तिनं मला सोडलं नाही. खाली उतरल्या उतरल्या, जिन्याजवळच उभं राहून दवाखान्यात फोन लावायला लावला. त्याच आठवड्यात तपासणी झाली. डॉक्टरांनी काख दाबून पाहिली, हात वर-खाली करायला लावले, रिपोर्ट उलटून-पालटून वाचले. "काही नाही. छान आहे," म्हणाले. घरी येऊन नवऱ्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो आधी रागावला, मग बराच वेळ माझा डावा हात हातात धरून बसला.

मला त्या दिवशी सपाटून भूक लागली होती. वन्संनी बावड्याहून भाकरी आणि खरवस आणला होता. मी दोन्ही हातांनी ताट ओढून घेतलं आणि कोणाशी न बोलता जेवले.