शेजारच्या मामींना दिलेला केक

मैत्रिणींनो, सकाळपासून घशाखाली घास उतरत नाहीये.

ताईने सांगलीहून आणलेला खपली गव्हाचा रवा मी सहा महिने पुरवून पुरवून वापरत होते. दोन दिवसांत त्याची तारीख संपणार होती, कंडेन्स्ड मिल्कच्या डब्याचीही. आज सकाळी म्हटलं, कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी शिकवलेला बिनअंड्याचा केक करू. ताईचाच रवा, म्हणून चाळलासुद्धा नाही.

घरभर वेलचीचा वास सुटला. अर्धा केक गरम गरम शेजारच्या तमिळ मामींना देऊन आले आणि माझा तुकडा मोडला. आत पांढरी अळी, भाजलेली. मग अजून दोन. रव्याच्या पुडीत तळाशी जाळी धरलेली. चेन्नईच्या दमट हवेत दुसरं काय होणार?

मामी तर कांदासुद्धा खात नाहीत. तशीच धावत गेले. बशी रिकामी होती.

"देवापुढे ठेवला आणि मग खाल्ला," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "फार छान झालाय गं. अजून आहे?"

"संपला," मी म्हणाले आणि घरी आले.

आता अळ्यांपेक्षा त्या एका शब्दाचीच जास्त शिसारी येतेय. तुम्ही खरं सांगितलं असतं का?