ऊ तिन न्वेंचा उजवा तळवा

आमच्या शनिवारच्या झाडू मंडळात रांगेचं उजवं टोक ऊ तिन न्वे काकांचं. उजाडायच्या आत पगोड्याच्या फरशीवर आम्ही खांद्याला खांदा लावून उभे राहतो आणि सगळे झाडू एकदम चालतात. बोलायचं काही नसतं. काकांना तेच आवडायचं. पूल व्हायच्या आधी ते पलीकडच्या काठावर जाणाऱ्या फेरीबोटीवर तिकिटं फाडायचे, दिवसभर माणसांवर ओरडायचे. पूल झाला, बोट गेली. मग बायको गेली. मुलगी निलार थायलंडला कोळंबी सोलायला गेली, ती तिकडचीच झाली. ती दर सणाला "येते हं बाबा" म्हणते. काका तिची खोली झाडून ठेवतात.

एकदा मी त्यांच्या मागून सुपली घेऊन चालले होते, तर पांढऱ्या फरशीवर लाल ठिपके दिसले. दर दुसऱ्या पावलाला एक.

"काका, हे काय?"

"कोणीतरी पान थुंकलं असेल."

"पगोड्यावर? आणि तुमच्याच मागेमागे थुंकत आलं?"

त्यांनी पाय उचलून पाहिला. अंगठ्याखाली खिळा रुतला होता. त्यांनी तो चिमटीत धरून असा उपटला, जणू दुसऱ्याच्याच पायातला. साखरेच्या आजाराने त्यांच्या तळव्यांतली जाणीव कधीच गेली होती. जखम भरली, वर कोरडी खपली धरली. काका म्हणाले, झालं बरं. मला काही ते पटेना.

विहाराच्या धर्मादाय दवाखान्यात यांगून शहरातून डॉक्टर यीन मिन बाई येतात. त्यांच्याजवळ अंगाची उष्णता टिपणारा एक छोटा कॅमेरा आहे. गार भाग निळा दिसतो, गरम भाग पिवळा, मग लाल. कातडी फाटायच्या आधी आतली सूज त्यात कळते. मी काकांना तिथे नेलं. गर्दी फार होती. मदतनीस मुलीने बाकावर बसवून भराभर फोटो काढले. दोन्ही पाय निळे-हिरवे आले, काका खुशीत घरी आले आणि पुढच्या शनिवारी पुन्हा रांगेत उभे राहिले.

त्यानंतर डॉक्टरांचा निरोप आला, की काकांना परत पाठवा, फोटोत तळवे आलेच नाहीत, पायाच्या कडा तेवढ्या आल्यात.

या वेळी डॉक्टर स्वतः कॅमेरा घेऊन समोर बसल्या. "काका, पाय लांब करा. तळवे माझ्याकडे."

काकांनी पाय लांब केले आणि हळूच तिरके वळवले.

"सरळ, काका."

पुन्हा तिरके.

"दुखतंय का?"

"दुखायला कळतंय कुठे? पण तुमच्या मागे कोण बसलंय ते बघा की!"

डॉक्टरांनी वळून पाहिलं. त्यांच्या डोक्यावरच फळीवर बुद्धमूर्ती होती, पुढे ताजी फुलं. त्या दिशेला तळवे करायचे? मी तरी केले असते का? डॉक्टरांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. आम्ही बाक फिरवला. आता तळवे दाराकडे झाले, आणि दारात आमच्या मंडळातल्या दॉ म्या थीन आजी बसलेल्या.

"वा रे वा! बोटीवर असताना कधी सुटे पैसे दिले नाहीस, आणि आता तळवे दाखवतोस?"

"म्हातारे, डोळे मीट नाहीतर घरी जा!"

सगळा दवाखाना हसला. काकाही हसले. मग फोटो आला आणि हसू थांबलं.

डावा तळवा सगळा निळसर. उजव्या अंगठ्याखाली सुपारीएवढा लालभडक डाग. काका तो बराच वेळ न्याहाळत राहिले. "बोटीचं इंजिन असं तापायचं," ते म्हणाले, "वरून कळायचं नाही."

"आत जखम चिघळतेय. औषध देते. जाड तळाचा बूट घालायचा. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा."

"आणि पगोड्यावर?"

"तिथे अनवाणीच जावं लागतं ना, काका? मग नाही."

"बरं होईपर्यंत?"

"बरं झाल्यावरही नाही. नाहीतर एक दिवस पाय कापावा लागेल." मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "आणि घरात कोणालातरी रोज दोन्ही तळव्यांना हात लावून बघायला सांगा. एक जास्त गरम लागला तर लगेच इकडे यायचं."

"घरात मांजर आहे," काका म्हणाले.



पुढच्या शनिवारी ते बूट घालून जिन्याच्या तळाशी, दगडी सिंहांजवळ येऊन बसले. आमच्या चपला राखतो म्हणाले. वर आम्ही रांग धरली. मला वाटलं होतं, उजव्या टोकाला जागा रिकामी दिसेल. पण एखादा पट्टा सुटला तर कचरा राहतो म्हणून प्रत्येक जण सरकून उभा राहतो. झाडू चालायला लागले आणि जागा दिसेनाशी झाली. शेवटी पुण्य वाटून दिलं, "साधू, साधू, साधू" म्हटलं; जो ते ऐकून "साधू" म्हणेल त्यालाही वाटा मिळतो. खालून काकांचा आवाज येतो का म्हणून मी कान दिला. एवढ्या खाली ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

खाली आले तर काकांनी चपला जोडीने लावून ठेवल्या होत्या. बाकीचे गेल्यावर मी म्हटलं, "काका, बूट काढा."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. निलार असती तर तिला नाही म्हटलं असतं का?"

मी पायरीवर बसून दोन्ही तळव्यांना पालथा हात लावला. "उजवा गरम आहे."

"उद्या बघशील?"

तेव्हापासून रोज सकाळी घरातल्या बुद्धमूर्तीपुढे पाणी ठेवून झालं की मी त्यांच्या ओट्यावर जाते. ते बूट काढून पाय पुढे करतात आणि दुसरीकडे बघत बसतात. जिथे हात लागलाय तिथे त्यांना काही कळत नाही.

परवा दोन्ही तळवे सारखे लागले. डॉक्टरांच्या कॅमेऱ्यातही आदल्याच दिवशी डाग गेलेला दिसला होता. पाय वाचला. मी म्हटलं, "काका, दोन्ही गार. सारखे."

त्यांनी पाय मागे घेतला नाही.

"नीट बघ, पोरी," ते म्हणाले. "घाई करू नकोस."

मी हात तसाच ठेवला.