साडेपाच तासांवरचं माहेर

कौशल्याआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुन्या जालन्यात दुकानावर होतो. परतूरला पोहोचलो तर अंगणात एकच वाद पेटलेला... थांबायचं की न्यायचं? एकुलती एक लेक अर्चना सिंगापुरात. कुणी म्हणालं, परदेशातून यायचं म्हणजे काय सोपं आहे? त्यावर शेजारची म्हातारी कडाडली, “साडेपाच तासाचं तं विमान! कौशल्या स्वता जाऊन आल्ती. थांबा गुमान!” मंडळी थांबली.

परतुरात हा आकडा पोरासोरांनाही पाठ होता, आणि तो पाठ करवून घेतला होता आत्यानं. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अर्चनाचं पहिलं बाळंतपण, आणि डॉक्टरांनी तिला प्रवासाला सक्त मनाई केलेली. आत्या तोवर संभाजीनगरच्या पलीकडे गेलेली नव्हती. माझे वडील, म्हणजे तिचे थोरले भाऊ अण्णा, जाम भडकले. “एकटी जाऊन राह्यली! भाषा येत न्हाई, पाय सुजतेत, वाटंत काही झालं मंग?”

आत्या शांतपणे डिंकाचे लाडू वळत होती. “पहिलं बाळंतपण माहेरी होतं का न्हाई, अण्णा? लेकीला येता येत न्हाई. मंग माहेरानं जायाचं.”

मुंबईहून सिंगापूर चार हजार किलोमीटरच्या आसपास, असं मी सांगितलं तेव्हा मात्र तिचा हात थांबला. विमानाला साडेपाच तास लागतात म्हटल्यावर ती खदखदून हसली. “एवढंच? परतूरहून मुंबईला आख्खी रात्र जाती की!” आणि लाडू, बाळंतशेप, जुन्या लुगड्यांची दुपटी घेऊन ती निघाली.

उतरल्यावर तिचा फोन आला तो भांडायलाच. “आठ तास लागले! फसवलं तुम्ही.” अण्णा घाबरले, विमान वाट चुकलं असणार म्हणाले. बाईसाहेबांनी निघताना आपल्याकडचं घड्याळ पाहिलं होतं आणि उतरल्यावर तिथल्या भिंतीवरचं! तिथलं घड्याळ अडीच तास पुढे असतं हे पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले.

नात झाली. लेकीला न्हाऊमाखू घालून, शेक-शेगडी करून आत्या परतली ती गड जिंकल्याच्या थाटात. आल्या आल्या तिनं स्वयंपाकघरातलं घड्याळ अडीच तास पुढे केलं. नात कधी उठली, कधी जेवली, ते तिला इथं चुलीपाशी कळायला हवं होतं. एक पाहुणा ते घड्याळ पाहून ताटावरून उठला, स्टेशनवर धावला आणि गाडीची वाट पाहत ताटकळत बसला. घड्याळ चुकलंय असं कुणी म्हटलं की आत्याचं ठरलेलं उत्तर, “बराबर चाललंय.”

आत्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अर्चना पोहोचली. आईच्या पायांवर डोकं ठेवून खूप रडली. अग्नीही तिनंच दिला. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली आणि भिंतीकडे पाहत उभी राहिली. गडबडीत तिनं मनगटावरचं घड्याळ बदललंच नव्हतं. दोन्ही घड्याळांत एकच वेळ होती. “आई माझ्याच वेळेला राहत होती रे,” ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. मला त्या क्षणी आत्याचा फार अभिमान वाटला.

परवा आत्याच्या घरी भेटायला आलेले एक गृहस्थ अण्णांना म्हणाले, “तुमचं घड्याळ लई पुढं गेलंय, बिलकुल चुकीचं दाखवून राह्यलं.”

अण्णांनी चहाच्या बशीतून मानही वर केली नाही.

“बराबर चाललंय.”