नाव घेतलं की उठायचं

हौसामावशी गिऱ्हाइकाच्या पिशवीत सुके बोंबील टाकता टाकता मध्येच गायला लागायची. आधी खाकरणं नाही, कुणाकडे बघणं नाही. गिऱ्हाईक पिशवी पसरून उभंच. बोईसरच्या बाजारात तिच्या मागे ओळीने बसलेल्या एडवणच्या सहा-सात बायका बसल्या जागी तिची ओळ उचलायच्या. गाणं हळदीचं. आणि चार पावलांवर, रसवंतीच्या आडोशाला, रक्तपेढीची गाडी उभी असायची. "आधी सांगून गायलं तं लोक रस्ता बदलतात," मावशी म्हणायची. "अंगावरच पडाया पायजे गानं."

हे सगळं रेश्मासाठी. रेश्मा डोंगराकडच्या पाड्यावरची, जन्मापासून सिकलसेलचा आजार असलेली मुलगी. तिची आई हंगामात मावशीकडे मासळी सुकवायला यायची. रेश्माचं रक्त वारंवार कमी व्हायचं, हॉस्पिटलातला साठा तुटपुंजा, आणि पाड्यावरची धडधाकट माणसं कामासाठी लांब गेलेली. मी वर्गणी सुचवली होती. मावशी म्हणाली, "पैसा मागला का मानूस खिसा धरते. रगत मागून बघू. त्याला खिसा नाय."

मी बोईसरमधल्याच एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला. पहिली पाळी सुटली की पायांत जीव नसायचा. सुकी मासळी घेता घेता ओळख झाली आणि मावशीने मला कामाला जुंपलं, कारण तिला वाचता येत नव्हतं. तिच्या गावात हळदीच्या गाण्यात नावं गुंफतात, मामाचं, आत्याचं, भावाचं. ज्याचं नाव आलं त्याने हातातलं टाकून उठायचं आणि नवरीला हळद लावायची. नाव घेतल्यावर बसून राहिलेला माणूस मावशीने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. हीच रीत तिने भर बाजारात आणली. पाळी सुटून आलेल्या कामगारांच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र असतंच. ते वाचायचं आणि नाव मावशीच्या कानात सांगायचं, हे माझं काम.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. कामगारांना वाटलं, लग्न आहे. रामधारी नावाचा एक फिटर पुढे येऊन विचारायला लागला, "शादी किसकी है, मौसी? खाना किधर है?" तोवर मी त्याचं नाव पोचवलं होतं आणि मावशीने ते गाण्यात घातलंही होतं, "रामधारीदादा आला गो, हलदीला आला." तो दचकला. बायकांनी ओळ धरून ठेवली आणि मावशी त्याला म्हणाली, "नवरी हॉस्पिटलात हाय. हलद नको, रगत दे." तिला हिंदी येत नव्हतं, त्याला मराठी जेमतेम. पण त्याने गाडीकडे बघितलं आणि डोकं खाजवत चढला. उतरल्यावर हातातला बिस्किटांचा पुडा दाखवून म्हणाला, "बस, इतना ही खाना?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

दर दीड-दोन महिन्यांनी हे असं. खरं सांगते, मला कंटाळा यायचा. मावशीलाही धाप लागायला लागली होती. "आज राहू दे ना मावशी, दमलेय मी," असं म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं. "दमलीस? मंग बारीक आवाजात गा. पन गा."

एक गोष्ट मात्र मी लपवत होते. इतक्यांची नावं वाचली, पण स्वतः कधी त्या गाडीत चढले नाही. मला सुईची भीती वाटते. कारखान्यातल्या पाळीचा थकवा हे आपलं सांगायला कारण. मावशीने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोलून मोकळी झाले असते.

मग होळीनंतरची ती दुपार. रेश्मा तापाने फणफणून हॉस्पिटलात पडलेली, रक्त त्याच दिवशी हवं होतं. निम्मे कामगार गावी गेलेले. जे होते ते आता हुशार झाले होते. मावशी दिसली की ओळखपत्र शर्टाच्या खिशात. मावशीचा आवाज फाटत होता, गाडीचा ड्रायव्हर घड्याळ बघत होता. "मावशी, नावंच नाहीत," मी तिच्या कानात म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "शुभाताई आली गो, हलदीला आली." मागच्या बायकांनी ओळ उचलली.

मला राग आला, भयंकर राग आला. सगळ्या बाजारासमोर! पण पाय आपोआप उठले. सुई चांगलीच टोचली, मी रडलेही. डोळे पुसून बघते तर शेजारच्या खाटेवर एक फिटर आडवा झालेला, त्याच्यामागे पॅकिंगमधली एक मुलगी रांगेत. त्यांची नावं कुणीच घेतली नव्हती. बाहेर आले तेव्हा मावशी बोंबील निवडत होती. म्हणाली, "बिस्कीट खाल्लंस का?" बस, तेवढंच.

पावसाळा संपता संपता मावशी गेली. माझं रक्त नको तेव्हा सळसळतं, पण त्या दिवशी नुसतं गार पडलं. तिला मी थँक्यू म्हटलं नव्हतं, आणि रागावले होते हेही सांगितलं नव्हतं.

परवा पुन्हा गाडी रसवंतीपाशी लागली. पाळी करून पोचले तर मावशीची जागा रिकामी ठेवून बायका बसलेल्या, सगळ्या माझ्याकडे बघत. या वेळी पलीकडच्या पाड्यावरच्या कुणा बाळंतिणीसाठी रक्त हवं होतं. रेश्मा आता कॉलेजात जाते. ती येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

मी दमले होते. बारीक आवाजात सुरुवात केली. पहिली ओळ संपली तशी रेश्मा माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "ताई, निळा शर्ट. सुरेश."